पोलिस आयुक्तालये आणि दुसऱ्या सहीचा प्रश्न

उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने १३ जानेवारी २०२० रोजी लखनौ आणि गौतम बुद्ध नगर, म्हणजे आपल्या बोलण्यातले नोएडा, येथे पोलिस आयुक्तालये स्थापन करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा राजधानीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला त्याचे फारसे नवल वाटले नाही. मुंबई, पुणे, नागपूर किंवा सोलापूरहून आलेल्या माणसाच्या दृष्टीने शहराच्या पोलिसप्रमुखाला 'आयुक्त' म्हणणे ही लहानपणापासूनची ओळखीची गोष्ट. उत्तरेच्या प्रशासकीय वर्तुळात मात्र या निर्णयाने मोठी खळबळ उडाली. 'डीएम साहेब' आणि 'कप्तान साहेब' या जोडीने जेथे दीड शतकाहून अधिक काळ जिल्ह्याचा गाडा हाकला, तेथे जोडीतील एकाच्या हातातील दंडाधिकाराचे कागद दुसऱ्याच्या मेजावर गेले होते.

त्यानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली. मार्च २०२१ मध्ये कानपूर आणि वाराणसी, डिसेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील भोपाळ आणि इंदूर, नोव्हेंबर २०२२ मध्ये आग्रा, गाझियाबाद आणि प्रयागराज. हरयाणाने तर गुरुग्रामला २००७ मध्ये आणि फरीदाबादला २००९ मध्येच आयुक्त दिले होते. दिल्लीत ही पद्धत १ जुलै १९७८ पासून आहे. म्हणजे राजधानी परिसरात नोकरी-धंद्यानिमित्त राहणारे मराठी कुटुंब यमुनेच्या अलीकडे असो वा पलीकडे, आज बहुतेक ठिकाणी ते आयुक्तालयाच्या हद्दीतच नांदते आहे.

या बदलावरची चर्चा गेली अनेक वर्षे एकाच चाकोरीतून फिरते आहे. भारतीय प्रशासकीय सेवा विरुद्ध भारतीय पोलिस सेवा, कोणाचे वजन वाढले आणि कोणाचे घटले, हा तिचा मुख्य विषय. सचिवालयाच्या कॅन्टीनमध्ये तो रंगतोही. परंतु नागरिकाच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध थोडाच आहे. नागरिकाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आणि अधिक साधा आहे. पोलिसांनी एखाद्या माणसावर कारवाई मागितली, तर त्या मागणीवर दुसरी सही कोणाची होणार? जुन्या व्यवस्थेत ती पोलिस खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याची होती. नव्या व्यवस्थेत ती खात्यातल्याच वरिष्ठाची आहे. ही दुसरी सही काढून टाकताना तिच्या जागी काय ठेवले, या कसोटीवर आयुक्तालयांचा हिशेब मांडला पाहिजे. आणि तो आजवर फारसा मांडला गेलेला नाही.

दोन परंपरा

मुळात आपल्या देशात पोलिस व्यवस्थेच्या दोन परंपरा शेजारी शेजारी वाढल्या. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या इलाखा शहरांत व्यापार मोठा, युरोपीय वस्ती मोठी. तेथे लंडनच्या धर्तीवर आयुक्ताच्या हाताखालचे, स्वतःचे अधिकार असणारे पोलिस दल उभे राहिले. मुंबईला १८६४ मध्ये फ्रँक सूटर यांच्या रूपाने पहिले पोलिस आयुक्त मिळाले. उर्वरित मुलुखासाठी १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलिस कायदा आला. त्याचा आदर्श आयर्लंडमधील दलाचा होता आणि हेतू मुख्यतः प्रजेवर वचक ठेवण्याचा. या कायद्याच्या चौथ्या कलमाने जिल्ह्यातील पोलिसांचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली आणि निर्देशाखाली ठेवले. पोलिस अधीक्षकाने दल सांभाळायचे, आणि जमावबंदी, हमीपत्रे, तडीपारी असे माणसाच्या स्वातंत्र्याला थेट हात घालणारे निर्णय जिल्हाधिकाऱ्याने किंवा त्याच्या हाताखालच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याने घ्यायचे, अशी ही विभागणी.

ती नागरिकाच्या हिताच्या कळवळ्याने झाली होती, असे समजण्याचे कारण नाही. वसाहतीच्या सरकारला जिल्ह्यात आपला एकच विश्वासू कारभारी हवा होता, तो जिल्हाधिकारी. परंतु हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की पकडणारा एक आणि पकडणे योग्य की अयोग्य हे पाहणारा दुसरा, ही सवय कारभारात रुजली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी वेगळे केले. खटल्यांचे काम उच्च न्यायालयांच्या अखत्यारीतील न्यायाधीशांकडे गेले. प्रतिबंधक स्वरूपाचे अधिकार मात्र कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेच राहिले. आयुक्तालयांचा सगळा वाद या उरलेल्या अधिकारांवरून आहे.

हमीपत्राचे राजकारण

हे अधिकार नेमके कोणते, ते वाचकांनी समजून घेणे आवश्यक आहे. कारण खुनाच्या किंवा दरोड्याच्या बातम्यांत ते दिसत नाहीत, पण सामान्य माणसाची पोलिसांशी गाठ बहुधा त्यांच्याच निमित्ताने पडते. जुन्या संहितेतील १०७, ११०, १४४ आणि १५१ ही कलमे उत्तरेत रिक्षावाल्यालाही तोंडपाठ असत. महाराष्ट्रात त्यातल्या हमीपत्राच्या कारवाईला 'चॅप्टर केस' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमे अनुक्रमे १२६, १२९, १६३ आणि १७० झाली आहेत.

त्यांची चाल अशी. दोन शेजाऱ्यांत किंवा दोन दुकानदारांत भांडण होते. पोलिस एकाला किंवा दोघांना दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून अटक करतात. या अटकेची मर्यादा चोवीस तासांची. त्यापूर्वी त्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते. शांतता राखण्याबद्दल एक वर्षापर्यंतचे हमीपत्र का घेऊ नये, अशी नोटीस निघते. चौकशी चालू असताना अंतरिम हमीपत्र मागता येते, जामीनदारही मागता येतात. आणि ते न दिल्यास कोठडीत ठेवता येते. येथे कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नसतो. अनेकदा गुन्हा दाखलही नसतो.

ज्याचे घर, शेत, भाऊबंद त्याच शहरात आहेत, त्याला जामीनदार संध्याकाळपर्यंत मिळतो. परगावाहून आलेल्याला तो मिळत नाही. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून उत्तर भारताच्या सराफ बाजारांत पसरलेला गलाई कारागीर घ्या, भाड्याच्या खोलीत राहून सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा घ्या, की बांधकामावरचा मजूर घ्या. स्थानिक मालमत्तेचा कागद दाखवू शकणारा जामीनदार त्याने आणायचा कोठून? त्यामुळे किरकोळ भांडणातला स्थानिक माणूस घरी जातो आणि त्याच भांडणातला स्थलांतरित आत राहतो. कायद्याचा मजकूर दोघांना सारखा असतो. त्याचा भार सारखा नसतो.

या अधिकारांना वेसण घालण्याचे श्रेय ज्या निकालाकडे जाते, त्याच्याशी एका मराठी माणसाचे नाव कायमचे जोडलेले आहे. पुण्यात वाढलेले आणि बिहारमधील मुंगेरचे लोकसभेत प्रतिनिधित्व केलेले समाजवादी नेते मधू लिमये यांनी मुंगेरच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढा दिला. सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९७० मध्ये ही कलमे घटनाबाह्य ठरवली नाहीत. परंतु ती वैध ठरण्याचे कारण त्यांचा वापर काटेकोर चौकटीत व्हावयाचा आहे हेच, असे न्यायालयाने मांडले. पोलिसांनी आणलेल्या माहितीच्या खरेपणाची चौकशी सुरू केल्याशिवाय दंडाधिकाऱ्याला अंतरिम हमीपत्र मागता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. म्हणजे दंडाधिकाऱ्याने स्वतःचे डोके वापरावे, या अपेक्षेवर या कलमांची वैधता उभी आहे. अहवाल देणारा आणि तो तपासणारा एकाच साखळीतले झाले, तर या अपेक्षेचे काय होते, हा खरा प्रश्न.

पोलिसांची बाजू

आयुक्तालयांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. महानगरात घटना तासांत नव्हे, मिनिटांत घडतात. दंगल उसळत असताना पोलिस अधीक्षकाने जिल्हाधिकाऱ्याची वाट पाहावी आणि नंतर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवावे, हे चित्र उत्तर भारताने अनेकदा पाहिले आहे. एकच अधिकारी जबाबदार असेल, तर त्याला पळवाट उरत नाही. शिवाय जिल्हाधिकाऱ्याच्या शिरावर महसूल, निवडणुका, धान्यपुरवठा, विकासयोजना असा डोंगर. तो कायदा-सुव्यवस्थेला वेळ देणार कधी? लखनौ आणि नोएडात अतिरिक्त महासंचालक दर्जाचे अधिकारी आयुक्त म्हणून आले, त्यांच्याबरोबर अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यांची फळी आली, महिलांविरुद्धचे गुन्हे आणि वाहतूक यांसाठी स्वतंत्र अधिकारी मिळाले. जेथे एक अधीक्षक सगळे पाहत असे, तेथे हा फरक लहान नाही.

धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलिस आयोगानेही आपल्या सहाव्या अहवालात पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आयुक्तालयाची शिफारस केली होती. पोलिस अधिकारी या शिफारशीचा दाखला नेहमी देतात, आणि तो खोटा नाही.

मात्र विलंबाच्या युक्तिवादाला एक छेद आहे. बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार जुन्या संहितेच्या १२९ व्या आणि नव्या संहितेच्या १४८ व्या कलमाने कार्यकारी दंडाधिकाऱ्याबरोबरच पोलिस ठाण्याच्या प्रमुखालाही दिलेला आहे. तो हजर नसल्यास उपनिरीक्षकालाही. भडकलेल्या जमावासमोर उभ्या असलेल्या पोलिस अधिकाऱ्याला जिल्हाधिकाऱ्याच्या सहीची गरज कायद्याने कधीच नव्हती. जी वाट पाहिली जात होती, ती बहुतांशी अंगावर काही येऊ नये म्हणून. दंडाधिकाऱ्याची सही लागत होती ती हमीपत्र, तडीपारी आणि जमावबंदी यांसाठी. म्हणजे ज्या निर्णयांत थोडा वेळ जाणे नागरिकाच्या हिताचेच असते, त्यांसाठी.

सुरक्षितता कशी मोजायची?

आयुक्तालयाने शहरे सुरक्षित होतात का? या प्रश्नाचे उत्तर राज्यकर्ते गुन्ह्यांच्या आकड्यांनी देतात. आकडे घटले की यश, वाढले की विरोधकांचा गदारोळ. दिल्लीचाच अनुभव या खेळातील फोलपणा दाखवतो. २०१३ मध्ये राजधानीत भारतीय दंडविधानाखालील गुन्ह्यांची नोंद सुमारे ८० हजार होती. २०१४ मध्ये ती दीड लाखांच्या वर गेली. एका वर्षात दिल्लीतील माणसे दुपटीने गुन्हेगार झाली नव्हती. नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्राथमिक माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक ठरवले, दिल्ली पोलिसांनीही नोंदणीचे धोरण सैल केले, आणि जे पूर्वी ठाण्याच्या दारातून परत पाठवले जात होते ते कागदावर आले. वाढलेला आकडा हे त्या वर्षी पोलिसांच्या सुधारलेल्या वागणुकीचे चिन्ह होते. याच न्यायाने, एखाद्या नव्या आयुक्तालयात वर्षभरात आकडे उतरले तर गुन्हे कमी झाले की नोंदी, हे आधी विचारले पाहिजे.

मोठ्या कसोटीच्या क्षणी काय घडले, हे पाहणे अधिक बोलके. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आयुक्तालय होते, आयुक्ताला दंडाधिकाऱ्याचे अधिकार होते, जिल्हाधिकाऱ्याच्या सहीची अडचण नव्हती. तरीही आहुजा समितीने निश्चित केलेल्या आकड्यानुसार २,७३३ माणसे मारली गेली. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० जणांचे बळी गेले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या वर्तनावर ओढलेले ताशेरे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. देशातील सर्वांत जुन्या आणि नावाजलेल्या आयुक्तालयांपैकी ते एक. फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्लीत ५३ जण मृत्युमुखी पडले. या तिन्ही वेळी अधिकारांची कमतरता नव्हती. ते वापरण्याची इच्छा, निष्पक्षता किंवा मोकळीक यांपैकी काहीतरी कमी पडले. राजकीय नेतृत्वाच्या इशाऱ्याकडे डोळे लावून बसलेल्या दलाला जादा अधिकार दिल्याने ते इशाऱ्याची वाट पाहणे सोडत नाही.

दैनंदिन सुरक्षिततेचे म्हणावे, तर ती गस्त, मनुष्यबळ आणि तपास यांवर अवलंबून असते. देशभरात पोलिसांची सुमारे एक-पंचमांश मंजूर पदे रिकामी राहत आली आहेत. तपास आणि बंदोबस्त ही कामे तीच माणसे करतात. व्हीआयपी दौरा आला की चोरीचा तपास थांबतो. आयुक्तालयाबरोबर जेथे माणसे, वाहने आणि वरिष्ठ अधिकारी आले, तेथे लोकांना फरक जाणवला असेल तर त्याचे श्रेय या साधनांना द्यावे लागेल. ही साधने दंडाधिकार न हलवताही देता आली असती.

सही एकाच घरातली

अधिकार एकवटल्यावर काय होऊ शकते, याची दोन उदाहरणे न्यायालयांच्या दफ्तरात आहेत. ४ जून २०११ च्या रात्री रामलीला मैदानावर बाबा रामदेव यांचे हजारो अनुयायी झोपलेले असताना पोलिसांनी ते रिकामे केले. त्यासाठीचा जमावबंदीचा आदेश त्याच रात्री एका सहायक पोलिस आयुक्ताने काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये या कारवाईवर कठोर टीका केली. सकाळपर्यंत थांबता येणार नाही अशी कोणती निकड होती, याचे समाधानकारक उत्तर पोलिसांकडे नव्हते. आदेश मागणारे, देणारे आणि अमलात आणणारे एकच दल असल्यावर 'सकाळपर्यंत थांबा' असे म्हणणारा कोणी उरत नाही.

दुसरे उदाहरण बंगळुरूचे. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या आंदोलनाच्या काळात, डिसेंबर २०१९ मध्ये, तेथील पोलिस आयुक्तांनी शहरभर १४४ कलम लावले. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश बेकायदा ठरवला. उपायुक्तांची पत्रे आदेशात उतरवली होती, आयुक्तांनी स्वतः कोणत्या कारणांनी मत बनवले ते दिसत नव्हते. याच्या महिनाभर आधी, १० जानेवारी २०२० रोजी, काश्मीरमधील निर्बंधांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४४ कलमाचे आदेश वारंवार काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल आणि असे आदेश प्रसिद्ध झालेच पाहिजेत, असे बजावले होते. लखनौतील मंत्रिमंडळाचा निर्णय त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी झाला, हा कालक्रमही ध्यानात ठेवण्यासारखा.

मात्र याचा अर्थ जिल्हाधिकाऱ्याची सही पवित्र होती, असा काढणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या गुंडा कायद्याच्या बेछूट वापराबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली; एखाद्याच गुन्ह्याच्या आधारे माणसाला 'गुंड' ठरवून नोटिसा निघत होत्या. ते प्रकरण अलीगढचे होते, म्हणजे आयुक्तालयाबाहेरच्या जिल्ह्याचे. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्यातील तडीपारीचा एक आदेश रद्द केला. तडीपारी हा माणसाच्या मुक्त संचाराच्या हक्कावरचा अपवादात्मक घाला आहे, आणि दोन वर्षांची कमाल मुदत का निवडली याचे कारण आदेशात नाही, हे त्याचे मर्म. जालना हाही आयुक्तालय नसलेला जिल्हा. पोलिसांनी पाठवलेल्या कागदावर डोळे मिटून सही करणारे दंडाधिकारी जुन्या व्यवस्थेत विपुल होते आणि आहेत. या पृष्ठाच्या वाचकांत जे अशा पदांवर राहून आले आहेत, त्यांना हे मनोमन ठाऊक असेल.

तरीही एक भेद उरतो. डोळे मिटून सही करणारा दंडाधिकारी हा व्यवस्थेतला दोष आहे. त्याला जाब विचारता येतो, त्याच्या जागी डोळे उघडे ठेवणारा येऊ शकतो. सही करणाराच मागणाऱ्याच्या खात्यातला असणे ही व्यवस्थेची रचना आहे, आणि रचनेला व्यक्ती बदलून उपाय होत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर तमिळनाडू सरकारचे २०१३ आणि २०१४ चे आदेश रद्द केले. त्यांनी पोलिस उपायुक्तांना हमीपत्राच्या कारवाईसाठी कार्यकारी दंडाधिकारी नेमले होते. सत्ताविभाजनाच्या तत्त्वाला हे सोडून आहे, असे त्या न्यायालयाचे मत. अर्थात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मुंबईतील सहायक आयुक्तांच्या अशाच नेमणुका वैध मानल्या होत्या. तेव्हा कायद्याच्या पातळीवर हा वाद एका बाजूने मिटलेला आहे असे म्हणता येत नाही.

नव्या संहितेची झेप

संसदेने मात्र यात आपला कौल देऊन टाकला आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. जुन्या संहितेत पोलिस आयुक्ताला कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार देण्याची मुभा महानगर क्षेत्रापुरती, म्हणजे दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या घोषित शहरांपुरती होती. नागरिक सुरक्षा संहितेने महानगर क्षेत्र ही कल्पनाच काढून टाकली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या १५ व्या कलमाने पोलिस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्याला विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमण्याचा अधिकार राज्यांना स्पष्ट शब्दांत दिला आहे. याचा अर्थ असा की, आयुक्तालय स्थापन न करता, त्यासाठी लागणारी जादा माणसे आणि साधने न देता, कोणत्याही ग्रामीण जिल्ह्यातही दंडाधिकार पोलिसांकडे देता येतील. शिवाय १७२ व्या कलमाने पोलिसांचे वैध निर्देश न पाळणाऱ्याला ताब्यात घेण्याची नवी मुभा दिली. महानगराच्या विशिष्ट गरजेच्या नावाने सुरू झालेला युक्तिवाद आता लोकसंख्येच्या अटीशिवाय साऱ्या देशाला लागू होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

अर्धा व्यवहार

आता राष्ट्रीय पोलिस आयोगाकडे पुन्हा वळू. आयुक्तालयांची शिफारस त्याच्या १९८१ च्या सहाव्या अहवालात आहे. परंतु १९७९ च्या पहिल्याच अहवालात आयोगाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींच्या चौकशीची व्यवस्था मांडली होती, आणि दुसऱ्या अहवालात राजकीय हस्तक्षेपापासून दलाला वाचवणाऱ्या राज्य सुरक्षा आयोगाची. क्रम असा होता: आधी लगाम, मग घोडा. सरकारांनी घोडा उचलला आणि लगाम कपाटात ठेवला.

उत्तर प्रदेशचे माजी पोलिस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली ती या कपाटातल्या अहवालांसाठीच. २२ सप्टेंबर २००६ च्या निकालाने सात निर्देश दिले. पोलिसप्रमुखांपासून ठाणेदारापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, मोठ्या शहरांपासून आरंभ करून तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, आणि राज्य व जिल्हा पातळीवर पोलिस तक्रार प्राधिकरणे, हे त्यातील मुख्य. या सात निर्देशांत आयुक्तालयाचा उल्लेख नाही. सरकारांनी जे सांगितले नव्हते ते उत्साहाने केले. जे सांगितले होते त्यातून पळवाटा काढणारे कायदे केले. तक्रार प्राधिकरणे अनेक ठिकाणी कागदावर राहिली, आणि जेथे ती बसली तेथेही त्यांच्या शिफारशींना दात क्वचितच असतात.

म्हणून 'आयुक्तालय हवे की नको' हा वाद आता मागे टाकावा हे बरे. ते आले आहे आणि परत जाणार नाही. मागणी करायची तर ती अशी असावी. जमावबंदीचा तातडीचा आदेश पोलिसांनी काढावा. पण ठरावीक तासांत त्यावर खात्याबाहेरच्या दंडाधिकाऱ्याचे किंवा न्यायदंडाधिकाऱ्याचे शिक्कामोर्तब व्हावे. हमीपत्र आणि तडीपारी यांत घाई कसलीच नसते. ती कामे पोलिसांच्या साखळीबाहेर ठेवावीत. जामीनदार नाही एवढ्याच कारणाने कोणी कोठडीत जाऊ नये, जातमुचलका पुरेसा मानावा. प्रत्येक आयुक्तालयाने दरवर्षी प्रतिबंधक कारवाया किती केल्या, त्यांतून हमीपत्राअभावी किती माणसे तुरुंगात गेली, आणि अपिलात किती आदेश टिकले, हे प्रसिद्ध करावे. या चारही गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही. बऱ्याचशा तर राज्य सरकारच्या अधिसूचनेने आणि परिपत्रकाने होऊ शकतात.

मराठी वाचकांत हा बदल राबवणारे अधिकारी आहेत, तसेच त्याच्या टाचेखाली येऊ शकणारे स्थलांतरितही आहेत. अधिकाऱ्याला अधिकार वेगाने वापरता यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण बदली होऊन किंवा निवृत्त होऊन तोही एके दिवशी एखाद्या परक्या शहरात सामान्य रहिवासी होतो. त्या दिवशी ठाण्यातून आलेल्या नोटिशीवर खात्याबाहेरच्या कोणीतरी नजर टाकलेली असावी, असेच त्यालाही वाटेल. सुरक्षित शहर म्हणजे जेथे चोराला पोलिसांची भीती वाटते आणि चोर नसलेल्याला वाटत नाही. पहिल्या अर्ध्या भागासाठी आपण आयुक्तालये उभारली. दुसऱ्या अर्ध्या भागाचे काम बाकी आहे.